विषय : मागच्या भिंतीवरची बिनशंखाची गोगलगाय

मला राग आलेला आहे आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं आहे. उतरला की मी समजूतदारपणे लिहायला लागेन, आणि समजूतदारपणे लिहिलेलं आमच्या सोसायटीत कोणी वाचत नाही. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयात काढली, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. माझ्या मसुद्यात काना-मात्रेची चूक काढणारा साहेब मला भेटला नाही. ही बढाई नाही, माहिती आहे. अशा माणसाच्या निवृत्तीचे चार महिने एका गोगलगायीने खाऊन टाकावेत, आणि तेही अंगावर साधा शंख नसलेल्या गोगलगायीने, याचा राग येणार नाही तर काय येणार?

आमचं घर तळमजल्यावर, अगदी शेवटचं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हातभर रुंदीचं गटार आणि गटारापलीकडे दगडी भिंत. जुनी, ओबडधोबड, मागच्या टेकडीची माती अडवून धरणारी. टाकीतलं जास्तीचं पाणी नेणारा पाइप तिच्या डोक्यावरून जातो आणि बारा महिने ठिबकतो, त्यामुळे भिंतीवर बोटभर शेवाळ. त्या पाइपाबद्दल मी सोसायटीला नऊ अर्ज दिले होते. एकाचीही पोच नाही. आणि या वर्षी सेक्रेटरींनी सभेत एकदम जाहीर केलं की भिंत पाडायची, टेकडी थोडी कापायची आणि तिथे अकरा गाड्यांचं पार्किंग करायचं. अकरा गाड्यांचा धूर माझ्या ओट्यावर. मी उभा राहून वीस मिनिटं मुद्देसूद विरोध केला. इतिवृत्तात त्याची नोंद झाली ती अशी: 'एका सभासदाने नाराजी व्यक्त केली.' नाव नाही, मुद्दा नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात हिच्या बहिणीची मुलगी सुट्टीला आली. ती जीवशास्त्र शिकते, म्हणजे आपण ज्याच्यावरून पाय उचलून पुढे जातो तिथे ती बसकण मारते. बेसिनवर हात धुता धुता तिने खिडकीतून पाहिलं, तशीच ओल्या हातांनी गटार ओलांडून भिंतीशी गेली आणि तासाभराने गुडघ्यांना शेवाळ माखून परत आली. तिच्या फोनमध्ये बोटभर लांबीची, कॉफीच्या रंगाची एक गोगलगाय होती. शंख नाही. पाठीवर मधोमध एक बारीक पिवळी रेघ.

"काका, ही मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं की असल्या गोगलगायी फार हळू चालतात, कोरडा रस्ता म्हणजे त्यांना मरण, त्यामुळे एखादी जात एकाच टेकडीवर राहून जाते आणि जगात दुसरीकडे कुठे नसते. ही तशी निघाली तर भिंत पाडायला कोणी परवानगी देणार नाही, असंही म्हणाली. त्याच्याआधी तिने 'बहुतेक' म्हटलं होतं, पण ते मी ऐकलं नाही. मला अकरा गाड्या मागे वळताना दिसत होत्या. खरं सांगायचं तर सुरुवात एवढ्यावरच होती. त्या वेळी मला गोगलगायीशी काही देणंघेणं नव्हतं.

मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं. ते हसले. म्हणाले, ठेकेदार पुढच्या महिन्याच्या अखेरीला येणार आहे, त्याच्या आत एखाद्या तज्ज्ञाचा कागद आणा, भिंत ठेवतो. कागद आणायचं आव्हान एका हेडक्लार्कला! मी तिथल्या तिथे स्वीकारलं.

बातमी जिन्याने वर गेली आणि सल्ले जिन्याने खाली आले. आमच्या इमारतीत बावीस घरं आहेत. गोगलगाय या विषयावर त्या बावीस घरांत मिळून एकच ज्ञान आहे, ते म्हणजे मीठ. मीठ टाका. जाडं टाका. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर तर स्वतः मिठाची पुडी घेऊन आले. मी त्यांना समजावलं की मला ती मारायची नाही, ओळखायची आहे. ते पुडी ओट्यावर ठेवत म्हणाले की ओळख पटल्यावर लागेलच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र वेगळीच काळजी होती. तिचा शंख कुठे पडला असेल, तो आधी शोधून तिला परत द्या, असं त्या मला रोज गॅलरीतून सांगायच्या. शंख मुळातच नसतो हे मी त्यांना पाच वेळा सांगितलं. सहाव्या वेळी मी शोधतो म्हणालो.

या विषयात जाणकार अशी एकच व्यक्ती भाचीला माहीत होती, सात तासांवरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकबाई. मी त्यांना फोटो आणि दोन पानी सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं चार ओळींचं. फोटोवरून काही सांगता येत नाही, रंग तर खाण्यावरही बदलतो. पूर्ण वाढलेल्या आठ गोगलगायी स्पिरिटमध्ये पाठवाव्यात. जात ठरते ती प्रजननसंस्था उघडून पाहिल्यावर.

हे पत्र मी ज्या वेळी मोठ्याने वाचलं, त्या वेळी कंपाउंडर समोर बसून चहा पीत होते. एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की तळमजल्यावरच्या साहेबांनी निवृत्तीनंतर कसला अभ्यास हाती घेतलाय. ज्या बायका मला 'काका, पाणी कधी येणार' म्हणून विचारायच्या त्या जिन्यात पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. मी काय करणार? प्रत्येकीला थांबवून गोगलगायीचं शरीरशास्त्र समजावणार? दोघींना समजावलं. त्यानंतर त्या जिन्यात दिसेनाशाच झाल्या.

गोळा करायला वन खात्याची परवानगी लागते, असं प्राध्यापकबाईंनी पत्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी फॉर्म घ्यायला गेलो. खिडकीत चष्मा लावलेला एक क्लार्क होता.

"प्राण्याचं नाव?"

"तेच तर ठरवायचंय. त्यासाठी परवानगी हवी."

"नावाशिवाय फॉर्म घेता येत नाही."

"नाव ठरवायला प्राणी पकडावा लागेल."

"मग पकडा."

"त्याला परवानगी लागते ना."

"बरोबर," तो म्हणाला. "म्हणून फॉर्म भरा."

मी मनातल्या मनात त्याला दाद दिली. पुढचा रकाना होता 'नर / मादी, नको ते खोडा'. मी सांगितलं की यांच्यात प्रत्येक जण दोन्ही असतो. त्याने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला आणि सांगितलं की दोन्ही ठेवायची सोय नाही. मी आवाज चढवला. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, असं सुनावलं. कुठे केली, असं त्याने विचारलं. पाणीपुरवठा म्हटल्यावर त्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मग अगदी शांतपणे सांगितलं की घरच्या नळजोडणीसाठी तो माझ्या टेबलापाशी सात वेळा आला होता. मला तो आठवत नव्हता. त्याला माझ्या टेबलावरचा पेपरवेटसुद्धा आठवत होता. मला सातव्या खेपेला परवानगी मिळाली. आधीच्या सहा खेपांना त्याने प्रत्येक वेळी एक नवीन, पण पूर्णपणे नियमात बसणारी त्रुटी काढली. काम चोख होतं, मला एका शब्दाने भांडता आलं नाही.

या खेपांमध्ये तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत घरात एक भलतीच गोष्ट झाली. आमची ही रोज सकाळी उजाडता उजाडता खिडकीशी उभी राहून गोगलगायी मोजायला लागली. आधी मीच सांगितलं होतं, किती दिसतात ते लिहून ठेव म्हणून. मग ती काकडीची चकती दगडावर ठेवायला लागली. मग मीही तिच्या शेजारी उभा राहायला लागलो. अडतीस होत्या. चार शिंगं, त्यातल्या वरच्या दोन शिंगांच्या टोकांना डोळे. उजव्या बाजूला श्वासाचं एक भोक, ते सावकाश उघडायचं आणि सावकाश मिटायचं. इकडे माझा रक्तदाब वाढलेला, आणि समोर हा प्राणी सगळी सकाळ खर्चून एक दगड ओलांडतोय. मला त्या आवडायला लागल्या होत्या. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मग आठ निवडायची वेळ आली. बाईंनी पद्धत लिहून दिली होती. बरणी पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये, झाकण लावायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. गोगलगाय आखडून न घेता अंग सैल सोडून मरते, म्हणजे नंतर नीट कापता येते. मी हिची बरणी घेतली. ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मी आठ उचलून आत टाकल्या, सगळ्यांत मोठ्या बघून, आणि झाकण लावलं.

"वाचवायच्या म्हणता आणि बुडवताय," ती बाहेरूनच म्हणाली.

मी तिच्यावर चिडलो. शास्त्र, पद्धत, बाकीच्या तीस वाचतील, असं बरंच काही बोललो. बरणी मात्र ओट्यावरून उचलून मोरीत नेऊन ठेवली, आणि वर टॉवेल टाकला.

स्पिरिट कंपाउंडरांनी दिलं, पण देताना अख्ख्या जिन्यात त्याचा वास सोडला, आणि माझ्या अभ्यासाबद्दलच्या अफवेत आणखी एका गोष्टीची भर पडली. स्पिरिटची बाटली म्हटल्यावर कुरियरवाल्याने पार्सल घ्यायला नकार दिला. शेवटी मी स्वतःच बसने निघालो, बरणी मांडीवर घेऊन. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे. खरं सांगायची माझ्यात ताकद उरली नव्हती. गुडघ्यांचं औषध आहे, असं सांगितलं. उतरेपर्यंत चौघांनी माझ्याकडून वैद्याचा पत्ता मागितला होता आणि एकाने माझे पायसुद्धा धरले.

बाई लहानखुऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, एक गोगलगाय ताटलीत घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली इतक्या बारीक कात्रीने उघडली की मी श्वास रोखून धरला. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मध्येच उठून त्यांनी कपाटातून जुनी चित्रं काढली, शेजारी ठेवली, पुन्हा डोळा लावला. दोन तासांनी त्यांनी मान वर केली.

"नवीन आहे," त्या म्हणाल्या. "या घराण्यातली आहे, पण आतली रचना कशाशीच जुळत नाही. बहुधा तुमच्या टेकडीपुरतीच."

मी एकतीस वर्षांत ऑफिसात कधी डोळे पुसले नव्हते. तिथे स्टुलावर पुसले. स्पिरिटचा वास फार होता, असं मी बाईंना सांगितलं.

बाईंचं पत्र सभेत वाचलं गेलं आणि चमत्कार झाला. जे लोक दोन महिने मीठ मीठ करत होते, त्यांची एका मिनिटात ती 'आपली गोगलगाय' झाली. सेक्रेटरींनी तिला सोसायटीचं नाव द्यावं अशी सूचना मांडली. कंपाउंडरांनी ती आपणच पहिल्यांदा पाहिली होती असं सांगितलं, आणि वरच्या मजल्यांपुरतं ते खोटंही नव्हतं, कारण पुडी घेऊन ते खिडकीशी गेले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी शंख मिळाला का म्हणून विचारलं. भिंत पाडायची नाही हे एकमताने ठरलं. एकमताने! अकरा गाड्यांवाल्यांनीसुद्धा हात वर केले. मला टाळ्या मिळाल्या, 'मार्गदर्शक' असं पद मिळालं, आणि भिंतीची काळजी कशी घ्यायची ते लेखी द्यावं अशी विनंती झाली. त्या रात्री मी सुखाने झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी चार पानी पत्र लिहून सेक्रेटरींच्या हातात दिलं.

बाई प्रत्यक्ष जागा पाहायला आणि जिवंत गोगलगायींचे फोटो घ्यायला तीन आठवड्यांनी येणार होत्या. मधल्या काळात आम्ही दोघं मुलीकडे जाऊन आलो. परतीची बस बाई येणार त्याच दिवशी सकाळी पोहोचली. स्टँडवरच बाई भेटल्या, गळ्यात कॅमेरा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. रिक्षात मी त्यांना भाचीने केलेले फोटो दाखवत होतो आणि ही त्यांना सांगत होती की काकडीपेक्षा त्यांना शेवाळच जास्त आवडतं.

फाटकात सेक्रेटरी उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. मागे निम्मी सोसायटी. आम्हाला मागच्या बाजूला नेण्यात आलं.

भिंत पांढरीशुभ्र होती. दगडांवर सिमेंटचा गिलावा, त्यावर चुन्याचे दोन हात. शेवाळाचं एक बोट नाही. गटारावर फरशी. वरचा पाइप नवा, थेंब गळत नव्हता. नऊ अर्जांनी जो गळायचा थांबला नव्हता तो. बाजूला पाटी, त्यावर रंगवलेली एक गोगलगाय, शंखासकट. खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव.

बाईंनी भिंतीजवळ जाऊन गिलाव्यावरून बोट फिरवलं.

"बाकीच्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, बाई," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "आधी फार सुळसुळाट होता. सगळी भिंत आधी अॅसिडने धुऊन घेतली, मगच गिलावा केला."

बाईंनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. टेकडीवर तासभर फिरल्या. दगड उलटे केले, पानं चाळली. वर सगळं कोरडं होतं. परत आल्यावर त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "तुम्ही दिलेल्या आठ माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "सध्या तरी तेवढ्याच आहेत." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर मी सेक्रेटरींना धरलं. तोंडाला येईल ते बोललो, जे हेडक्लार्क असताना कधी बोललो नव्हतो तेही. हे तुम्हाला करायला सांगितलं कोणी, असं विचारलं. सेक्रेटरींनी खिशातून माझं पत्र काढलं. चौथं पान. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारलेली.

"तुम्हीच, साहेब. 'तसेच सदर जागा स्वच्छ, कोरडी व नीटनेटकी राखण्यात यावी.'"

माझंच अक्षर. पाणीपुरवठ्यात हौद असो, मीटर असो, व्हॉल्व्हचा खड्डा असो, प्रत्येक पत्राचा शेवट मी याच ओळीने केला होता. एकतीस वर्षं. ती लिहिताना मी विचार करत नव्हतो, हात आपोआप चालत होता. आजवर एकाही माणसाने ती वाचून खड्डा कोरडा केला नव्हता.

"अहो, त्याच्या आधी साडेतीन पानं आहेत," मी म्हणालो.

"वाचली ना. पण त्यात सगळं 'करू नये' असंच होतं. हे करू नये, ते करू नये. करण्यासारखं एवढं एकच होतं, ते आम्ही मनापासून केलं."

मी घरात गेलो, हातोडा आणि छिन्नी घेतली आणि भिंतीवर घाव घालायला लागलो. गिलावा निघत होता, खालचे दगड दिसत होते, पांढरे पडलेले. मला कोणाचा राग येत होता ते मला नीट कळत होतं, म्हणून मी जास्त जोरात मारत होतो. लोक जमले. कंपाउंडरांनी माझा दंड धरला. आपली संरक्षित भिंत आहे साहेब, असं सगळे मला समजावत होते, आणि बावीस घरांतली माणसं त्या भिंतीला पाठ लावून माझ्यापासून तिचं रक्षण करत होती. ही बादली घेऊन आली, माणसांना बाजूला सारून तिने उघड्या पडलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि पुन्हा भरायला घरात गेली. अजूनही रोज सकाळी ओतते.

सेक्रेटरींनी माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज लिहिला. संरक्षित भिंतीचं जाणूनबुजून नुकसान, सभासदांना शिवीगाळ, पदाचा गैरवापर. संध्याकाळी तो घेऊन माझ्याचकडे आले. म्हणाले, राग मानू नका, पण मसुदा तुमच्यासारखा कोणाला जमत नाही, एकदा नजर टाका.

मी टाकली. आरोप सगळे बरोबर होते. दोन ठिकाणी भाषा मिळमिळीत होती, ती कडक केली. एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली. खाली, अर्जाच्या अगदी शेवटी, सदर जागा स्वच्छ, कोरडी व नीटनेटकी राखण्यात यावी, असं जसंच्या तसं उतरवलेलं होतं. मी त्यावर आडवी रेघ मारली.

"ती राहू द्या, साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "त्याने अर्ज पुरा वाटतो."

ती ओळ मी पुन्हा खोडली, परत खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली.